मदत हवी आहे: शुक्रवारी शीत आघाडी येतेय, अंदाज नक्की कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी,

हवामानाच्या नकाशावर आमच्या भागाकडे एक निळी रेघ सरकताना दिसतेय, तिला त्रिकोणी दात आहेत. म्हणजे शीत आघाडी, एवढं ठाऊक आहे. त्यापुढचं डोक्यावरून जातंय, म्हणून हा धागा.

ठिकाणाची कल्पना यावी म्हणून सांगते: उत्तर गोलार्ध, मध्य अक्षांश, समुद्र बराच लांब, घर टेकडीच्या पायथ्याशी खोलगट जागी. सप्टेंबर संपत आलाय. आत्ता हवा दमट आणि उबदार आहे, रात्रीही खिडकी उघडी ठेवावी लागतेय.

अंदाज असा आहे: शुक्रवारी कमाल १९, किमान ७, पावसाची शक्यता ९० टक्के. शनिवारी कमाल १३, किमान २, पावसाची शक्यता ३० टक्के. रविवारी स्वच्छ ऊन. एक अ‍ॅप म्हणतं शुक्रवारी सकाळी ११ ला पाऊस, दुसरं म्हणतं दुपारी ४ ला. खरं कोणाचं धरायचं?

शनिवारी दुपारी मुलं आणि सासूबाईंना घेऊन मागच्या टेकडीवर जायचं ठरलंय, चढ साधारण ४०० मीटरचा. ते रद्द करावं का? आणि अंगणात टोमॅटो, तुळस, मिरची आहे, काही कुंड्या गॅलरीतही आहेत. शुक्रवारी वारा-पाऊस असणार म्हणून त्याच रात्री सगळं झाकून टाकायचा विचार आहे. किमान २ म्हणजे शून्याच्या वरच आहे, तरी काळजी करायची का?

कापूसढग:
टेकडी रद्द करू नका, जाड कपडे न्या. बाकी जाणकार सांगतीलच. वाचनखूण साठवली.

वातकुक्कुट:
ताई, प्रश्न चांगले आहेत आणि माहिती नीट दिली आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

आधी मुख्य मुद्दा. तुमचा सगळा रोख शुक्रवारवर आहे. झाडांना गोठण्याचा धोका शुक्रवारी रात्री कमी आणि शनिवारी रात्री जास्त आहे. आघाडी येते तेव्हा गडबड मोठी होते, पण नुकसान बहुतेक वेळा ती निघून गेल्यावर, सगळं शांत झाल्यावर होतं.

का ते सांगतो. शीत आघाडी म्हणजे थंड, जड हवा उबदार हवेखाली पाचरीसारखी घुसते ती सीमा. हिचा उतार तीव्र असतो, ढोबळमानाने १:५० ते १:१००. उष्ण आघाडीचा याहून बराच मंद असतो. त्यामुळे इथे उबदार हवा झटक्यात वर ढकलली जाते, ढग उंच वाढतात आणि पावसाचा पट्टा अरुंद पण जोरदार असतो. पट्टा गेला की मागून कोरडी, थंड हवा येते. पहिल्या रात्री वारा चालू असतो. वाऱ्यामुळे जमिनीलगतची गार हवा आणि वरची थोडी उबदार हवा घुसळत राहते, पारा फार खाली जात नाही. दुसऱ्या रात्री जास्त दाबाचा भाग डोक्यावर येऊन बसतो, आकाश मोकळं, वारा पडलेला. जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते. विषुवदिन नुकताच झालाय, रात्र दिवसापेक्षा मोठी झालीय आणि याच दिवसांत ती सगळ्यात वेगाने वाढते, म्हणजे गार व्हायला वेळही भरपूर.

आता ११ की ४. दोन्ही अ‍ॅप एकच गोष्ट सांगतायत, फक्त रेघ कुठवर आली असेल याबद्दल त्यांचं एकमत नाही. आघाडी साधारण ताशी ३० ते ५० किलोमीटर वेगाने सरकते. तिच्या जागेचा अंदाज १५० किलोमीटरने इकडेतिकडे झाला तरी तुमच्याकडे तीन ते पाच तासांचा फरक पडतो. दोन दिवस आधी एवढा फरक काहीच नाही. बहुतेक अ‍ॅप स्वतः अंदाज करत नाहीत, मोठ्या हवामान केंद्रांच्या मॉडेलचे, म्हणजे संगणकावर केलेल्या हवामानाच्या गणिताचे, आकडे घेतात. अमेरिकेचं जागतिक मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं, युरोपीय केंद्र तर मुख्य अंदाजासोबत सुरुवातीची स्थिती किंचित बदलून आणखी ५० अंदाज काढतं. ते सगळे एकाच वेळेभोवती जमले तर भरवसा ठेवावा, विखुरले असतील तर तास धरून बसण्यात अर्थ नाही. तुम्ही गुरुवारी रात्री पुन्हा पाहा, शुक्रवारी सकाळी रडार पाहा. रडारच्या अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत पट्टा किती सरकला ते बघून पुढचा तास-दोन तास स्वतःच काढता येतो. एवढ्या कमी वेळासाठी ही पद्धत अ‍ॅपच्या चित्रापेक्षा बरी, असं माझं ठाम मत आहे.

दिवसाच्या कमाल-किमान आकड्यांबद्दल मात्र सावध राहा. शुक्रवारी कमाल १९ वाचून दुपारी १९ असेल असं वाटतं. आघाडीच्या दिवशी नेहमीचा चढउतार मोडतो. ते १९ सकाळी, आघाडी यायच्या आधीच गाठलेलं असेल आणि तीन वाजता १२ असेल. मुलं शाळेतून यायच्या वेळेला हाफ बाह्या चालणार नाहीत. म्हणून तासागणिक आलेख उघडा, चित्रं आणि गोल आकडे सोडून द्या.

रानवाट:
वातकुक्कुट यांना +१, विशेषतः शनिवारच्या रात्रीबद्दल.

टेकडीचं मी सांगते. शनिवारचे ३० टक्के म्हणजे दिवसाच्या ३० टक्के वेळ पाऊस नव्हे आणि ३० टक्के भागात पाऊस असंही नाही. तुमच्या ठिकाणी मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता ३० टक्के, एवढंच. आघाडीमागच्या हवेत हे बहुधा तुटक सरी असतात: खाली जमीन अजून उबदार, वर हवा थंड, त्यामुळे दुपारी कापसासारखे ढग फुगतात, एखादी सर दहा-पंधरा मिनिटं झोडपून जाते, परत ऊन. समुद्रापासून लांब असाल तर सूर्य कलला की या सरी विरतात. किनाऱ्यावर रात्रभरही चालू राहतात, कारण पाणी इतक्यात गार होत नाही. तुम्ही लांब आहात, तेव्हा सकाळी लवकर जाणं उत्तम.

गारठ्याचा हिशोब वेगळा करा. आघाडीमागची हवा चांगली घुसळलेली असते, अशा हवेत हजार मीटरला जवळजवळ १० अंश उतरतात. म्हणजे ४०० मीटर वर गेलात की खाली १३ असताना माथ्यावर ९ च्या आसपास, वर उघड्यावर वारा. सासूबाईंना वाऱ्याला आडोसा असलेल्या बाजूने न्या, माथ्यावर बसून राहू नका. एक फायदाही आहे: पावसाने धूळ धुतलेली आणि कोरडी हवा, त्यामुळे लांबचं इतकं स्पष्ट दिसेल की महिनाभर तसं दिसलं नसेल.

विजा कडाडायला लागल्या तर मात्र शुक्रवारी बाहेर थांबू नका. कधीकधी वादळी ढगांची रांग आघाडीच्या शंभर-दोनशे किलोमीटर पुढेच धावत येते. "अजून आघाडी आली नाही" म्हणून निर्धास्त राहू नये.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे! शनिवारी रात्री झाकायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. पण २ अंशाला दव गोठतं कसं? आणि आघाडी गेली हे घरबसल्या कसं ओळखायचं? पाऊस थांबला की झालं का?

वातकुक्कुट:
पाऊस थांबणं ही खूण भरवशाची नाही. पट्ट्यात फटी असतात, आणि काही आघाड्यांचा पाऊस रेघ गेल्यावरही मागे पडत राहतो. तीन गोष्टी एकत्र पाहा. वारा दक्षिण-नैऋत्येकडून येत होता तो पश्चिम-वायव्येकडून यायला लागतो, बऱ्याचदा काही मिनिटांतच. हवेचा दाब उतरत होता तो वळून चढायला लागतो. बऱ्याच फोनमध्ये दाब मोजायचा सेन्सर असतो, त्याचा आलेख दाखवणारं अ‍ॅप टाका. आकडा नेमका बरोबर नसला तरी चालेल, कल बघायचाय. तिसरं म्हणजे दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडायला लागतं ते तापमान, घसरतो. माझ्या मते हाच सगळ्यात चोख साक्षीदार. तापमान ढग आणि उन्हामुळे फसवतं, दवबिंदू हवाच बदलली की नाही ते सांगतो. १५ चा ४ झाला की समजा आघाडी गेली.

आता २ अंशाचं. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण १.२५ ते २ मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. शांत, निरभ्र रात्री गवताच्या पातीवरचं तापमान त्याहून काही अंश कमी असतं. अंदाज २ म्हणतो तेव्हा तुमची टोमॅटोची पानं शून्याखाली असू शकतात. त्यात तुमचं घर खोलगट जागी. थंड हवा जड, ती रात्री उतारावरून पाण्यासारखी खाली येऊन तुमच्या अंगणात साठणार. अ‍ॅपचा आकडा तुमच्या अंगणाचा नाही, आसपासच्या काही किलोमीटरच्या चौकोनाचा आहे.

शनिवारी संध्याकाळी दवबिंदू पाहा. रात्री तापमान दवबिंदूजवळ आलं की दव पडायला लागतं, त्यातून उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. म्हणून दवबिंदू ६-७ असेल तर फारसं भय नाही, त्याऐवजी पहाटे धुकं पडेल. तो शून्याच्या आसपास किंवा खाली, आकाश मोकळं, वारा पडलेला, असं तिन्ही जुळलं तर झाकाच. हवा फार कोरडी असेल तर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसणारही नाही आणि पानं तरी गोठतील. मध्येच ढग आले तर रात्र बरीच उबदार जाते, त्यामुळे झोपण्यापूर्वी एकदा वर बघा.

रानवाट:
झाकण्याबद्दल: जुन्या चादरी, जमिनीपर्यंत टेकतील अशा. झाडाला ऊब पानांतून मिळत नाही, जमिनीतून वर येते, ती अडवायची आहे. नुसती वरून बांधलेली, खालून उघडी पिशवी काही कामाची नाही. सूर्य मावळायच्या सुमारास झाका, माती अजून उबदार असताना. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते, शुक्रवारचा पाऊस इथे मदतच करेल. पाऊस कमी झाला तर शनिवारी दुपारी पाणी घाला.

तुळशीचं वेगळं आहे. तिला गोठावं लागतच नाही, १० अंशांखालीच पानं काळी पडायला लागतात. तिला शुक्रवारी दुपारीच आत घ्या. तयार झालेले टोमॅटो तोडून घ्या, हिरवे असले तरी रंग धरलेले घरात पिकतात. गॅलरीवर छप्पर असेल तर त्या कुंड्या भिंतीला चिकटवून ठेवा, वर आकाश दिसत नसल्याने उष्णता कमी निसटते.

खिडकीपाशी:
चादरींऐवजी प्लास्टिक चालेल का? आमच्याकडे तेच पडून आहे.

रानवाट:
चालेल, पण पानांना टेकू देऊ नका, जिथे टेकतं तिथेच पान जळतं. काठ्या रोवून वर ताणा आणि ऊन आल्यावर लगेच काढा, आत भट्टी होते.

दक्षिणवारा:
अवांतर: आम्ही दक्षिण गोलार्धात आहोत, इथे वाऱ्याची खूण उलट. आघाडीआधी वायव्येचा गरम वारा, नंतर नैऋत्येचा गार. आणि आमच्याकडे शरद मार्चमध्ये सुरू होतो. आमच्यासारखे कोणी वाचत असतील तर दिशा बदलून घ्या, बाकी सगळं लागू.

धागाकर्ती:
शुक्रवार संध्याकाळचा अपडेट. दुपारी दीडच्या सुमारास वारा फिरला, दाबाचा आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा वळला, दवबिंदू १४ वरून ५. तुळस आत आहे. पण नकाशावर आघाडीच्या मागे अजून एक तुटक रेघ दिसतेय, उद्या पहाटे आमच्यावरून जाईल असं वाटतं. ही दुसरी आघाडी का?

वातकुक्कुट:
बहुधा कमी दाबाचा पट्टा असेल, थंड हवेच्या आतच. त्याच्यासोबत सरींचा एखादा झुबका येतो, वारा पुन्हा थोडा वायव्येकडे सरकतो, हवा आणखी कोरडी होते. पहाटे गेला तर तुमच्या टेकडीला उलट चांगलं, दुपारच्या सरी कमी होतील. झाडांना वाईट: दवबिंदू अजून एक-दोन अंशांनी उतरेल. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दवबिंदूचा आकडा पाहून ठरवू, असं आता म्हणणार नाही. चादरी काढूनच ठेवा. रविवारी ऊन अंगणात पोचेपर्यंत त्या हलवू नका, किमान तापमान सूर्योदयाच्या जरा नंतर येतं. सोमवारपासून वारा परत दक्षिणेकडे वळताना दिसला तर कुंड्या बाहेर काढायला हरकत नाही.