प्रति: वाटेतली मदत आणि संकोच

पायी प्रवासात वाटेतल्या गावात कुणी आपणहून मदत देऊ केली तर उपकाराचं ओझं नको म्हणून नम्रपणे नकार द्यावा, हे मत मला पटलं नाही. जपानच्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची पदयात्रा आहे. तिथले गावकरी यात्रेकरूंच्या हातात फळं, चहा, कधी थोडे पैसेही ठेवतात. याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात आणि ते शक्यतो नाकारायचं नसतं. घेणारा बदल्यात स्वतःचं नाव लिहिलेली कागदाची पट्टी देतो, बस्स! मला सगळ्यात भावतं ते हे, की देणाऱ्यालाही यात्रेच्या पुण्यात वाटा मिळतो अशी श्रद्धा असल्याने उपकाराचा प्रश्नच उरत नाही.

गाडीतून पुढे सोडतो म्हणणाऱ्याला मात्र, सगळी वाट पायीच करायची असेल तर, कारण सांगून नाही म्हणावं.