मदत हवी आहे : मॅटरहॉर्नच्या एकाच बाजूला ढग का चिकटून राहतो?

सप्रेम नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यात भूगोल शिकवते. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरील ४,४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नवर मी एक पाठ तयार करीत आहे.

हिमनद्यांनी चहूबाजूंनी हिमगव्हरे, म्हणजे आरामखुर्चीसारखे खोलगट खळगे, कोरत नेली, त्यांच्यामधल्या कडा झिजून धारदार शुककूट झाल्या आणि मध्ये हे गिरिशृंग, म्हणजे शिंगासारखे टोकदार शिखर, उरले, एवढे मुलांना समजते. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरते, या हिशेबाने समुद्रकाठी तीस अंश असताना तितक्या उंचीवर शून्याच्या आसपास तापमान येते, हेही त्यांनी फळ्यावर स्वतः मांडून पाहिले.

अडचण ढगाची आहे. आमच्या चोर्ला घाटात पावसाळ्यात वारा अरबी समुद्राकडून येतो, चढावर ढग दाटतात आणि मुलांच्या दप्तरांनासुद्धा ओल येते. म्हणजे ढग वाऱ्याच्या बाजूला. मॅटरहॉर्नच्या छायाचित्रांत मात्र तो निशाणासारखा वाऱ्याआडच्या बाजूला फडकताना दिसतो. शिखराआड भोवरा तयार होऊन खालची दमट हवा वर ओढली जाते, असे मी वाचले आहे, पण केवळ सांगून मुलांचे समाधान होत नाही, आणि खरे तर माझेही होत नाही.

वर्गात पंखा, उदबत्तीचा धूर आणि मातीचा डोंगर वापरून हा भोवरा स्पष्ट दाखवता येईल का? डोंगराचा उतार आणि धुराची जागा कशी ठेवावी, हे कोणी करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.