मदत हवी आहे: प्रायोगिक कलाकारांसाठी छोटा फंड, निवड कशी करायची?

आम्ही काही जण दरमहा थोडे थोडे पैसे काढून एका लोकल प्रायोगिक कलाकाराला देणार आहोत, म्हणजे साउंड आर्ट, परफॉर्मन्स असलं, जे तिकिटावर कधीच चालणार नाही. २००९ मध्ये बॉस्टनला सुरू झालेल्या ऑसम फाउंडेशनसारखं, तिथे दहा जण शंभर-शंभर डॉलर काढून हजार एकाला देतात. क्राउडफंडिंग करून पाहिलं पण ज्याच्या ओळखी जास्त त्यालाच पैसे मिळतात, आणि संस्था वगैरे रजिस्टर करायची नाहीये, त्यामुळे ग्रँट सुचवू नका प्लीज. अर्ज एका पानाचाच. अडलंय ते निवडीवर. पैसे देणाऱ्यांनी मतं दिली की समजायला सोपं तेच जिंकतं, कलाकारांची कमिटी केली तर सगळे एकमेकांचे दोस्त (छोट्या वर्तुळात दुसरं काय होणार). चिठ्ठ्या टाकून कुणी निवड केलीये का, आणि केली असेल तर आधीची चाळणी कोण लावतं?