इंग्लंडच्या क्लबकडून हंगामभर खेळायचं, तर व्हिसा कोणता?

चेंडूफळी:
खेळाडू २१ वर्षांचा, डावखुरा फिरकीपटू. गेल्या हंगामात राज्याच्या २३ वर्षांखालील संघाकडून दोन सामने खेळलाय, रणजी अजून नाही. इंग्लंडमधल्या एका लीग क्लबचं बोलावणं आहे: एप्रिल ते सप्टेंबरचा मध्य, दर शनिवारी सामना, आठवड्यातून दोनदा मुलांना शिकवायचं. पगार नाही, पण विमानाचं तिकीट आणि खोली क्लबची. सचिव म्हणतात, "पैसे देत नाही, म्हणजे व्हिजिटर व्हिसा चालेल." चालेल का? नाहीतर किती आधी सुरुवात करावी?

गुडलेंथ:
चालणार नाही. पगार नाही म्हणजे हौशी, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनच्या नियमांत 'व्यावसायिक खेळाडू'ची व्याख्या "पैसे मिळोत वा न मिळोत" अशीच सुरू होते. गेल्या दोन वर्षांत राज्याच्या संघाकडून खेळलेला माणूस तिच्यात बसतो, आणि त्यात १७ वर्षांखालील गटापासून वरचे सगळे वयोगट येतात. तुमच्या खेळाडूचे ते दोन सामने इथेच नडतात. खेळावर पुढे पोट भरायचा विचार असेल तरी तोच शिक्का, गेल्या १२ महिन्यांत एजंट धरला असेल तरीही. वर फुकट खोली आणि तिकीट म्हणजे वस्तुरूपाने मोबदलाच झाला.

लपून राहील, या भ्रमातही राहू नका. तिथल्या लीगची धावपत्रकं प्ले-क्रिकेट या संकेतस्थळावर आणि इथली क्रिकहीरोज या अॅपवर कुणालाही उघडी असतात. अर्जात खोटं लिहिल्याचं ठरलं तर १० वर्षांपर्यंत व्हिसा नाही. क्लबलाही बेकायदा काम दिल्याबद्दल पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सचिवांना हा आकडा जरूर कळवा.

कागदीघोडा:
योग्य रस्ता 'इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन' व्हिसाचा. यात क्रम चुकला की सगळंच अडतं.

आधी क्लबकडे स्पॉन्सर परवाना, म्हणजे परदेशी माणसाला कामासाठी बोलावण्याची सरकारी परवानगी, हवा. नसेल तर त्याच्या निर्णयालाच साधारण आठ आठवडे धरा. त्यानंतर खेळाडूसाठी ईसीबीची, म्हणजे इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची, शिफारस (गव्हर्निंग बॉडी एन्डॉर्समेंट, सगळे तिला जीबीई म्हणतात). ती हातात आल्यावर क्लब ब्रिटन सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देतो. हा कागद नसतो, नुसता क्रमांक असतो, आणि तो तीन महिन्यांत वापरावा लागतो. मग अर्ज, व्हीएफएसमध्ये (व्हिसा अर्ज केंद्रात) बोटांचे ठसे आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे. एप्रिलला पोचायचं तर क्लबने दिवाळीच्या सुमारास हालचाल करायला हवी.

१२ महिन्यांपर्यंतच्या व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ३१९ पौंड झालं. मुक्काम सहा महिन्यांच्या आत ठेवला तर एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, अधिभार (वर्षाला १,०३५ पौंड) आणि क्षयरोगाची तपासणी दोन्ही वाचतं. म्हणून स्पॉन्सरशिपच्या तारखा उगाच ताणून घेऊ नका.

अर्ज बहुधा पैशांवर आपटतो. खात्यात १,२७० पौंडांएवढी रक्कम सलग २८ दिवस हवी. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी नकार. क्लबने स्पॉन्सरशिप देताना 'खर्चाची हमी आम्ही घेतो' ही खूण केली असेल तर हे दाखवावं लागत नाही. क्लबमध्ये हे काम एखादे हौशी काका संध्याकाळी बसून करतात, ती खूण हमखास राहते. क्रमांक येण्याआधीच आठवण करून द्या. मुलांना शिकवणंही कामाच्या वर्णनात लिहून घ्या.

चेंडूफळी:
आणि जीबीई मिळालं नाही तर? स्टुडंट किंवा यंग प्रोफेशनल्स व्हिसा?

गुडलेंथ:
दोन्हींवर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई आहे, त्यामुळे तिथेही तीच व्याख्या आडवी येते.

खरी गोम अशी की ईसीबीचे निकष मुख्यतः रणजीसारख्या प्रथम श्रेणीच्या सामन्यांवर चालतात आणि हंगामागणिक बदलतात. २३ वर्षांखालील सामने प्रथम श्रेणीत धरत नाहीत. म्हणजे व्हिजिटरसाठी तुमचा खेळाडू जास्त व्यावसायिक आणि जीबीईसाठी कमी. इकडे आड, तिकडे विहीर. राज्याच्या संघाच्या उंबरठ्यावरची बरीच मुलं इथेच अडकतात. त्या हंगामाचे निकष आणि त्याचा सामन्यांचा तक्ता समोरासमोर ठेवूनच क्लबला अर्ज करायला सांगा. निकष बसत नसतील तर यंदा इथेच खेळून प्रथम श्रेणीचे सामने मिळवणं बरं.

कागदीघोडा:
दोन गोष्टी राहिल्या. राज्य संघटनेमार्फत बीसीसीआयचं ना-हरकत प्रमाणपत्र वेगळं लागतं. व्हिसा मिळाला म्हणजे ते मिळालं असं नाही, दोन्ही अर्ज बरोबरच चालू ठेवा. आणि परवाना असलेल्या स्पॉन्सरांची यादी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर खुली आहे. क्लबचं नाव शोधा आणि नावापुढे 'इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन' लिहिलंय का तेही बघा. तेवढं बघून मगच सचिवांना उत्तर द्या.