'ऑन द टेबल' ही नक्की कुठली फ्रेज?

कोरीपाटी:
एका पुस्तकात 'ऑन द टेबल'ला प्रीपोझिशनल फ्रेज (शब्दयोगी अव्ययानं सुरू होणारा शब्दसमूह) म्हटलंय, दुसऱ्यात अ‍ॅडव्हर्ब फ्रेज, आणि एका उत्तरसूचीत चक्क अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज. तिन्ही बरोबर कसं असेल? '-इंग'वाल्या फ्रेजचाही असाच घोळ होतो, जेरंड (नामाचं काम करणारी) कुठली आणि पार्टिसिपल (विशेषणासारखी) कुठली. व्याख्या पाठ आहेत, पण वाक्य समोर आलं की गाडी अडते. झटपट ओळखायची काही युक्ती आहे का?

खडूफळा:
तिन्ही बरोबर असू शकतात, कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. फ्रेजची रचना काय, हा एक. ती वाक्यात काम काय करते, हा दुसरा. 'ऑन'ने सुरू होते म्हणून रचनेनं ती कायम प्रीपोझिशनल. काम मात्र वाक्यागणिक बदलतं. जुनी शालेय पुस्तकं कामावरून नाव देतात, नवी रचनेवरून.

काम ओळखायला मराठीच धरा:
'द की ऑन द टेबल इज माइन' : टेबलावरची किल्ली माझी आहे.
'आय केप्ट द की ऑन द टेबल' : किल्ली टेबलावर ठेवली.

चा-ची-चे लागला की अ‍ॅडजेक्टिव्हचं काम, नुसतं 'वर, मध्ये, खाली' राहिलं की अ‍ॅडव्हर्बचं. खात्री करायची तर इंग्रजीत 'इट' घालून बघा. पहिल्या वाक्यात 'द की ऑन द टेबल' हे सगळंच 'इट'च्या पोटात जातं: 'इट इज माइन'. दुसऱ्यात 'आय केप्ट इट ऑन द टेबल', म्हणजे फ्रेज बाहेर उरते.

काही वाक्यं मुळातच दुहेरी असतात. 'आय अ‍ॅम लुकिंग फॉर द फाइल ऑन द टेबल' म्हणजे टेबलावरची फाइल शोधतोय, की टेबलावर फाइल शोधतोय? पुढचा-मागचा संदर्भ नसेल तर दोन्ही. असा प्रश्न परीक्षेत आला तर दोष प्रश्न काढणाऱ्याचा.

पानगळ:
+१. पण एक फट आहे. 'द की इज ऑन द टेबल' घ्या. 'किल्ली टेबलावर आहे', म्हणजे 'ची' नाही, म्हणून शालेय पद्धतीत अ‍ॅडव्हर्ब. नवी व्याकरणं तिला 'इज'नंतरचं कॉम्प्लिमेंट (पूरक) म्हणतात. उत्तरसूची कुठल्या परंपरेची आहे ते आधी बघा.

आता '-इंग'. इथेही मराठी प्रत्यय कामाला येतात.
'स्विमिंग इन द वेल इज डेंजरस' : विहिरीत पोहणं. हे नाम, म्हणून जेरंड.
'द बॉय स्विमिंग इन द वेल' : पोहणारा मुलगा. पार्टिसिपल.
'स्विमिंग इन द वेल, ही लॉस्ट हिज रिंग' : पोहताना. हीसुद्धा पार्टिसिपल.
'ही इज स्विमिंग' : पोहतोय. इथे वेगळी फ्रेज नाहीच, क्रियापदाचाच भाग.

पण 'इज' दिसला की डोळे मिटून क्रियापद ठरवू नका. 'हिज हॉबी इज स्विमिंग' म्हणजे त्याचा छंद पोहणं. छंद स्वतः पोहत नाही.

'टू'चाही सापळा आहे. 'टू'पुढे 'इट' ('ते' या अर्थाचा, खाण्याचा नव्हे) ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणजे हा 'टू' प्रीपोझिशन, म्हणून पुढे 'मीटिंग यू', 'मीट यू' नव्हे. 'आय वॉन्ट टू इट' चालत नाही, म्हणून तिथे 'टू मीट'.

निवांत:
मराठीवर भिस्त ठेवताना 'ताना' जपून वापरा. 'रस्त्यानं चालताना मला कुत्रा चावला' हे मराठीत निर्धोक. त्यावरून 'वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी' लिहिलं की चालणारा कुत्रा ठरतो, कारण इंग्रजीत ही फ्रेज मुख्य वाक्याच्या कर्त्याला चिकटते. 'वॉकिंग डाउन द रोड, आय वॉज बिटन बाय अ डॉग' असं लिहा. किंवा 'व्हाइल आय वॉज वॉकिंग' असं सुरू करा. मात्र आता त्यात कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद दोन्ही आले, म्हणून ती फ्रेज राहिली नाही, क्लॉज झाली. 'बिफोर द मीटिंग' आणि 'बिफोर द मीटिंग स्टार्टेड' यांत हाच फरक.

(क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या व्याकरणात पोहणं-पोहताना छापाच्या रचनाही नॉन-फायनाइट (क्रियापद काळ न दाखवणाऱ्या) क्लॉजमध्ये मोडतात. स्पर्धा परीक्षेत हे लिहायला जाऊ नका.)

कोरीपाटी:
करून बघतो. 'द गर्ल सिटिंग बाय द विंडो लाइक्स रीडिंग ओल्ड लेटर्स.' 'सिटिंग बाय द विंडो' म्हणजे खिडकीपाशी बसलेली, पार्टिसिपल. 'रीडिंग ओल्ड लेटर्स' म्हणजे जुनी पत्रं वाचणं, जेरंड. 'बाय द विंडो' म्हणजे खिडकीपाशीची मुलगी, अ‍ॅडजेक्टिव्ह?

खडूफळा:
पहिल्या दोन बरोबर. तिसरीत घसरलात: ती 'सिटिंग'च्या पोटातली आहे, तेव्हा 'गर्ल'ला जोडायची नाही. कुठे बसलेली? खिडकीपाशी. 'ची' नाही, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. 'सिटिंग' गाळून 'द गर्ल बाय द विंडो' केलंत तर तुमचं उत्तर बरोबर. आणि 'ओल्ड लेटर्स' ही नाउन फ्रेज मोजायची राहिली.