वजनं उचलून खांदा दुखतोय : विश्रांती घेतली की थांबतं, बार धरला की परत सुरू

नमस्कार मंडळी,

वय ३९, तीन वर्षं नियमित जिम. बेंच प्रेसला (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) ७० किलोचे पाच-पाचचे पाच सेट निघायचे. सात आठवड्यांपासून उजवा खांदा दुखतोय. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, पूर्ण वर गेला की जाते. टी-शर्ट काढताना आठवण होतेच. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मुंग्या नाहीत, सूज नाही, ताकदही कमी झालेली वाटत नाही.

दोन आठवडे सगळं बंद ठेवलं. दुखणं गेलं म्हणून खुशीत थेट ७० लावले, तर तिसऱ्या सेटला पुन्हा तेच. हाच प्रयोग आणखी एकदा करून झाला. (बायकोने सुनावून झालंय, तुम्ही नाही सुनावलंत तरी चालेल.) जिममधला एक म्हणतो दुखलं तरी रेटत राहा, दुसरा म्हणतो सहा महिने बार विसर. एमआरआय करून घेऊ का? जाणकारांनी सांगावं.

लोखंडवेडा : दुखतं नेमकं कुठे? हासळीचं हाड जिथे खांद्याला मिळतं त्या वरच्या टोकावर एका बोटाने दाखवता येतं का? हात छातीवरून आडवा पलीकडच्या खांद्याकडे नेला की तिथेच टोचतं का? तसं असेल तर तो सांधा वेगळा. जड बेंच आणि डिप्स (दोन दांड्यांवर हातांनी अंग तोलून खाली-वर होणं) करणाऱ्यांचं तिथलं हाड झिजतं, त्याच्या उपायाचा मार्गही वेगळा.

धागाकर्ता : नाही, टोकावर काही नाही. बोटाने दाखवता येत नाही, तळहातच ठेवावा लागतो. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली दंडापर्यंत.

संथ चाल : मग रोटेटर कफची शक्यता जास्त. म्हणजे खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू आणि त्यांचे टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर). हात साधारण ६० ते १२० अंशांत असताना दुखणं आणि त्या कुशीवर झोप न येणं, ही त्याची नेहमीची खूण. मी यातून गेलोय. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

तुमची गाडी अडते कुठे ते तुम्हीच लिहिलंय. विश्रांतीत कळ शांत होते, पण टेंडन मजबूत होत नाही, उलट भार घ्यायची सवय मोडते. आणि त्यावर तुम्ही एकदम ७० ठेवता. फिजिओने मला बेंच अर्ध्या वजनावर आणायला लावला. कोपरं खांद्याच्या रेषेत ताणायची नाहीत, अंगाशी तिरपी ठेवायची. तेही दुखलं तर जमिनीवर झोपून डंबेल प्रेस, तळवे एकमेकांकडे. कोपर जमिनीला टेकतं, त्यामुळे हात फार खाली जात नाही. सोबत रबर बँडने हात बाहेर फिरवायचा व्यायाम आणि रोइंग (वजन अंगाकडे ओढणं). मोजमाप असं : दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत असलं तर चालेल. सकाळी जास्त ठणकलं तर वजन उतरवा. मला साडेतीन महिने लागले, आणि त्यातला पहिला महिना नुसता वैताग होता.

एमआरआयची घाई नको. काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या खांद्यातही त्यात फाटलेलं दिसतं. रिपोर्ट वाचून माणूस उगाच हात जपत बसतो.

साधा प्रश्न : दुखायच्या आधीच्या महिन्यात काय बदललं होतं?

धागाकर्ता : च्यायला, हे कोणी विचारलंच नव्हतं. डायरी काढली. त्याच महिन्यात डिप्स आणि अपराइट रो (उभं राहून बार हनुवटीकडे ओढणं) नव्याने सुरू केले होते, आणि बेंच आठवड्यातून दोनदाचं तीनदा. मी मात्र बेंचलाच शिव्या घालत बसलो.

साधा प्रश्न : मग ते दोन्ही आधी बंद करा. अपराइट रोमध्ये हात आत वळलेला असतो आणि कोपर वर जातं, दुखऱ्या खांद्याला नेमकं तेच नको असतं.

लोखंडवेडा : वर सगळं आलंय. फक्त एवढं : 'कट्' आवाज होऊन हात उचलताच येईनासा झाला, हात बधिर पडला, किंवा तापासोबत खांदा सुजून गरम लागला, तर धागे न वाचता डॉक्टर गाठा. आणि खांदेदुखीसोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर तो जिमचा विषय नाही, तडक इस्पितळ.

धागाकर्ता : तसं काही नाही. फिजिओची वेळ घेतली, सोमवारपासून ३५ किलो. लाज वाटतेय पण ठीक आहे. पुलअप्स चालतील का?

संथ चाल : आधी बारला नुसतं लटकून बघा. त्यातच कळ आली तर उत्तर मिळालं.