चळवळीत टिकायला जिद्द लागते की खोलीची किल्ली?

आडवाट

मागच्या आठवड्यात एका शिबिरात मला "इतकी वर्षं प्रेरणा कशी टिकवली" यावर बोलायला उभं केलं. घरकामगार बायकांच्या बुडालेल्या पगाराच्या तक्रारी लिहून घेते, नऊ वर्षं झाली. समोर विशीतली पोरं वह्या उघडून बसलेली, आणि मला खरं उत्तर देता येईना. प्रेरणा दुसऱ्याच वर्षी आटली होती. पुढे जात राहिले, कारण दर बुधवारी सहाला उघडायच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. मी गेले नाही तर बायका पायरीवर बसून राहतात. आमच्या वहीत एकीचं नाव सतरा वेळा आहे. दोन महिन्यांचा पगार अडकलाय तिचा. अर्ज कधी साक्षीदाराची सही नाही म्हणून परत येतो, कधी तारीख खोडलेली दिसते म्हणून. अठराव्यांदा ती येते तेव्हा मला काही स्फुरण चढत नाही. मी पेन शोधते.

म्हणून म्हणते, जिद्द वगैरे आपण मागाहून चिकटवतो. अमेरिकेत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी केलेला माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला. गोष्ट सांगताना आपण बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सपाशी थांबतो. पण हजारो माणसं रोज कामावर पोहोचत कशी होती? शेकडो खासगी गाड्या, ठरलेले थांबे, कुणाला कुठून उचलायचं याची वेळापत्रकं. नोव्हेंबर १९५६ मध्ये शहराने कोर्टातून मनाई आणली, ती भाषणांवर नाही, या गाड्यांवर. चळवळ कशावर उभी आहे हे विरोधकांना नेमकं कळलं होतं.

खडूफळा

ताई, पटलं नाही. किल्ली तुमच्याकडेच का आली? सुरुवातीला दहाजण असतील, नऊ घरी गेले. त्यांनाही बुधवार माहीत होता की.

अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसमधल्या मायो चौकातल्या आया घ्या. ३० एप्रिल १९७७, लष्करी राजवट, जमावबंदी, आणि बेपत्ता मुलांचा पत्ता विचारायला चौदा बायका चौकात उभ्या राहिल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना एकत्र आणणाऱ्या असुसेना विल्याफ्लोर यांनाच पळवून नेऊन मारलं. तरी बाकीच्या येत राहिल्या. याला तुम्ही वेळापत्रक म्हणणार? आत काही पेटलेलं नसेल तर माणूस पहिल्या धमकीला घरी बसतो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी किल्लीपायी येत नाही.

आडवाट

धमकीचं मान्य. तिथे माझं गणित तोकडं पडतं, मला कधी कुणी जिवाची धमकी दिलेली नाही.

पण तुमच्याच उदाहरणात एक गंमत आहे. पहिला दिवस शनिवार होता. चौकात चिटपाखरू नव्हतं, बघणार कोण? मग त्यांनी शुक्रवार करून पाहिला आणि शेवटी गुरुवार धरला. दुःख तर सातही दिवस होतं, तरी वार ठरवावा लागला.

तिरकस

दोघेही टिकून राहणं हे चांगलंच असतं असं धरून बोलताय. माझी हरकत तिथेच आहे.

'बर्नआउट' हा शब्द आज ऑफिसवाल्यांच्या तोंडी असतो, पण मानसशास्त्रात तो आणला हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गरने, १९७४ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांकडे बघून. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि रात्री तो दवाखाना, असं करून तो स्वतःही पिचला होता. त्याचं निरीक्षण असं, की सगळ्यात जीव लावणारी माणसंच आधी जळतात. कामचुकारांना हा आजार होत नाही.

आणि आपण या जळण्याला हार घालतो. मणिपूरची इरोम शर्मिला लष्कराला विशेषाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध सोळा वर्षं उपोषणावर होती. ९ ऑगस्ट २०१६ ला तिने ते सोडलं तर कालपर्यंतच्या समर्थकांपैकी कितीतरी जण फिरले. पुढच्या वर्षी विधानसभेला उभी राहिली, मतं पडली ९०. लोकांना तिची जिद्द हवी होती, ती स्वतः नको होती.

खडूफळा

तिरकस, हे ऐकायला बरं वाटतं. पण मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात लोकांची घरं जळली, माणसं गेली. सगळ्यांनी "आता थोडं स्वतःकडे बघू" म्हटलं असतं तर? विश्रांती परवडणाऱ्यांनी घ्यावी. ज्याच्या घरावर चालून येतात तो रजा कुठे टाकणार?

मधलीओळ

खडूफळा, शेवटचं वाक्य खरं आहे, पण त्यावरून "थांबणं म्हणजे कच खाणं" असं निघत नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणूनचा सत्याग्रह मार्च १९३० मध्ये सुरू झाला आणि काही वर्षं चालला. दार उघडलं नव्हतं. तरी १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना कळवलं की आता तो पुढे नेऊ नये. कारणही स्पष्ट दिलं : लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी म्हणून हा मार्ग धरला होता, मूर्तिपूजक व्हायची हौस म्हणून नव्हे. ते काम झालं. आता शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावायची. पुढच्याच वर्षी येवल्याची धर्मांतराची घोषणा.

यात चिकाटी नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे? दाराला चिकटून बसणं आणि ध्येयाला चिकटून बसणं या दोन गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो, आणि कार्यकर्त्याला एकाच दारापाशी म्हातारं करतो.

आता आडवाट, जरा तिखट बोलतो. नऊ वर्षं किल्ली तुमच्याकडेच? हे कौतुकाचं नाही वाटत मला. आमच्या गटातले एक काका सव्वीस वर्षं "माझ्याशिवाय कोण करणार" म्हणत होते. ते आजारी पडले तेव्हा कळलं, सगळे फोन नंबर त्यांच्याच डायरीत, आणि अक्षर त्यांच्या बायकोलाही लागत नव्हतं. दुसरी फळी घडवण्याच्या आड बऱ्याचदा आपली जिद्दच येते.

आडवाट

लागलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच.

खरं सांगायचं तर तीन आठवड्यांपूर्वी दुसरी किल्ली करून घेतली. कुणाला द्यायची तेही मनात ठरलंय. सतरा वेळा नाव आहे म्हटलं ना, तीच. अर्ज परत यायची सगळी कारणं आता तिला पाठ आहेत. नवीन बाई आली की माझ्याआधी तीच विचारते, "साक्षीदार आणलास का?" पण किल्ली अजून माझ्या पर्समध्येच आहे.

तिरकस

मग अडलंय कुठे?

आडवाट

तिला वार बदलायचाय. बुधवारी सहाला निम्म्या बायका कामावरच असतात म्हणे, रविवारी दुपारी बसू. नऊ वर्षांत मला हे कुणी बोललं नव्हतं. की बोलल्या असतील आणि मी ऐकलं नसेल.

खडूफळा

त्या चौदाजणींनीही बदललाच की वार.

आडवाट

वाटलंच, हे कुणीतरी काढणार.